दादाच्या जागी

११ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलं, पेशंटमध्ये रोज काय फरक पडतो ते घरातल्या कुणीतरी लिहून ठेवा. वहिनीच्या हातून ते होणारं नव्हतं म्हणून मी वही आणली. पहिलं पान लिहायला बसलो आणि लक्षात आलं की मला जे लिहायचंय ते डॉक्टरांच्या कामाचं नाही. त्यांना वेगळा कागद देईन. ही वही माझी.

परवा दुपारी तालीम चालू होती. जागा नेहमीचीच, टायरच्या गोदामामागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. आम्ही चौघं. दादा गायला, मास्तर गिटारवर, पैलवान ड्रमवर, मी बेसवर. मास्तरने आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही आणि पैलवानाला फुंकर मारली तर उडेल, पण नावं दादाने ठेवलेली, पस्तीस वर्षांपूर्वी. दादाने ठेवलं की ते राहतंच.

'दार' हे आमचं गाणं चाललं होतं. दुसऱ्या कडव्यात दादाच्या तोंडून शब्दांऐवजी चिखल कालवल्यासारखं काहीतरी यायला लागलं. मास्तर हसला. तालमीत असली सोंगं काढायची दादाची सवय आहे. मग त्याच्या उजव्या हातातून माईक पडला आणि तो खाली बघत राहिला, माईक दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. पैलवान सगळ्यात आधी उठला. मी अजून वाजवत होतो. चार मात्रा तरी वाजवल्या असतील.

मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं.

खरं लिहायला वही घेतलीय तर लिहितो. ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मे महिन्यातल्या कार्यक्रमाचा. बँडचं पस्तिसावं वर्ष, शहरातलं सगळ्यात मोठं सभागृह. मग लाज वाटली. पण आला खरा.

१७ फेब्रुवारी

दादा बोलतो, पण एकच शब्द. मग. पाणी हवं का? "मग." दुखतंय का? "मग मग." कळतं सगळं, डॉक्टर म्हणाल्या, आतलं बाहेर काढायची वाट तेवढी बंद झालीय.

वहिनी म्हणाली, "एकतीस वर्षांच्या संसारात मी काही सांगत असताना यांनी एकदाही 'मग' म्हटलं नाही. आता दिवसभर तेच चाललंय." बोलली, स्वतःच हसली आणि बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही.

२५ फेब्रुवारी

आज तिघं बसलो. मास्तर म्हणाला, "थांबू या. वर्षभर वाट बघू. नाही झाला बरा तर बंद करू. पस्तीस वर्षं काय कमी झाली?"

आयोजकांचा फोन दोनदा येऊन गेलाय. तारीख हलवता येत नाही म्हणतात. त्यांनी एक माणूसही सुचवला, दादाची नक्कल करून समारंभांतून गाणारा.

"मी ऐकलंय त्याला," पैलवान म्हणाला. "दादाला सर्दी झाल्यावर जसा आवाज लागतो तसा त्याचा बाराही महिने लागतो."

मी म्हणालो, मी गातो.

मास्तरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू खुर्ची बोलली. मग मी सांगितलं. पस्तीस वर्षं मी दादाच्या खालचा सूर धरलाय. एकूण एक गाण्याचा एकूण एक शब्द मला येतो. आवाज तर घरातलाच, फोनवर वहिनीसुद्धा फसते. परक्या माणसाला उभं करण्यापेक्षा हे बरं.

पैलवान काठ्या पुसत होता. "दादाला विचारलंस?"

"विचारून तो काय म्हणणार आहे?"

कुणी हसलं नाही. मी हसवायला म्हटलंही नव्हतं.

तात्पुरतं, असं ठरलं.

६ मार्च

दादाला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत पलंग टाकलाय, खिडकीशी.

आज स्पीच थेरपिस्ट बाई आल्या होत्या. तरुण आहेत, पण समजावतात छान. म्हणाल्या, "बोलण्याचा रस्ता मेंदूच्या डाव्या बाजूने जातो, तिथे दरड कोसळलीय. गाण्याचा रस्ता बराचसा दुसऱ्या बाजूने जातो. तो मोकळा असेल तर आपण शब्द तिकडून आणायचे. आधी गाणं, मग गाण्यासारखं बोलणं, मग बोलणं."

पद्धत अशी. मी शेजारी बसून त्याच्या ओळखीचं गाणं सावकाश गायचं आणि ओळीतला शेवटचा शब्द सोडायचा. तो दादाने भरायचा. रोज अर्धा तास. सुरुवात त्याला स्वतःहून करता येणार नाही, ओळ कुणीतरी धरून द्यावी लागेल. रेकॉर्ड लावून उपयोग नाही, कारण रेकॉर्ड थांबत नाही, माणूस थांबतो. आणि पहिले तीन-चार महिने फार मोलाचे. नंतर जे येतं ते फार हळू येतं, कधी येतही नाही.

"तुमच्यासारखा भाऊ घरात आहे हे त्यांचं नशीब," बाई म्हणाल्या.

वहिनी म्हणाली, "बरं झालं भाऊजी, तुम्ही आहात. मी गायले तर उरलेला 'मग'सुद्धा पळून जाईल."

भिंतीवर एक तक्ता लावलाय. सराव झाला की खूण करायची. शेवटच्या रकान्यात, शब्द आला की नाही.

९ मार्च

काही नाही. मी थांबतो, तो खिडकीबाहेर बघतो. सकाळी दादा, दुपारी तालीम. तालमीतही काही नाही. दादाची पट्टी मला उंच पडते. वरच्या सुराला गेलो की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं होतं. मास्तर कौतुकाने काही बोलत नाही आणि रागाने तर मुळीच नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च

आज आलं.

वहिनी औषधाच्या दुकानात गेली होती. मी 'दार' घेतलं. "जाताना दार उघडं ठेव, वारा तरी येत..." आणि थांबलो, रोज थांबतो तसा.

"राहील," दादा गायला. बोलला नाही, गायला. सूर चोख, आणि शेवटी किंचित वर उचललेला, तो नेहमी उचलतो तसा.

माझी बोटं तारांवर तशीच राहिली. पुढची ओळ त्यानेच घेतली, मग तिच्या पुढची. तोंड वाकडं होत होतं, अक्षरं एकमेकांत अडकत होती, पण शब्द होते. कडी, उंबरा, पाऊल. सगळं कडवं झालं. डोळ्यांतून पाणी आणि अर्ध्या तोंडाने हसू. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि "मग मग मग" म्हणत हलवत राहिला.

पस्तीस वर्षांत त्याने माझं मनगट कधी धरल्याचं आठवत नाही.

वहिनी आली ती गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून वैतागलेली. "काही झालं का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "ओठ हलवले थोडे." एकदम सांगून आशा लावायची आणि उद्या आलं नाही तर तिने काय करायचं? चार-सहा दिवस बघतो. पक्कं झालं की सांगेन.

१५ मार्च

पुन्हा आलं. कालच्यापेक्षा स्वच्छ.

१८ मार्च

तालमीत पट्टी दोन सूर खाली घेतली आणि माझा गळा मोकळा झाला. कुठून आला हा आवाज कळेना. 'दार' संपलं. मग मास्तर म्हणाला, "हे बरं होतं." मास्तरच्या तोंडून "बरं" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

घरी येताना रस्ताभर गात आलो. एका बाईने वळून पाहिलं. पाहू दे.

सकाळी राहिलं म्हणून दादाकडे संध्याकाळी गेलो. गळ्याला विश्रांती हवी म्हणून गाणं घेतलं नाही, पेपर वाचून दाखवला. तक्त्यावर खूण केली. अर्धा तास बसलो तर होतोच. शब्दाच्या रकान्यात "नाही" लिहिलं, कारण आज नव्हताच आला.

२९ मार्च

दादासाठी गिटार घेऊन जायचं बंद केलंय. मेपर्यंत गळा जपायला हवा. कार्यक्रम शेवटी त्याच्याच नावाचा आहे, तो पडला तर त्याचंच नाव पडेल. शिवाय गाणं म्हटलं की तो रडतो. आजारी माणसाला रोज रडवणं बरं नव्हे. वहिनी त्या अर्ध्या तासात बाजारहाट उरकून येते.

तालमी मात्र सुरेख चालल्यात. पूर्वी दादा आणि मास्तर यांचं रोज वाजायचं. दादा न सांगता गाणं पळवायचा, मास्तर गिटार खाली ठेवून बाहेर जायचा, पैलवान मधेच ड्रमवर गडगडाट करायचा म्हणजे दोघांना एकमेकांच्या शिव्या ऐकू जाऊ नयेत. अर्धी तालीम समजूत काढण्यात जायची. आता महिना झाला, एक भांडण नाही. सगळे वेळेवर येतात, एकमेकांना "तुझं होऊ दे आधी" म्हणतात. गाणं जिथे संपायचं तिथे संपतं.

पैलवान आज म्हणाला, "अगदी घड्याळासारखं वाजतंय."

ऐकून बरं वाटलं.

८ एप्रिल

दादा हट्टी झालाय. मी आत गेलो की डाव्या हाताने भिंतीकडे दाखवतो. तिथे त्याची जुनी गिटार खुंटीला टांगलेली असते. मग माझी बाही ओढतो. मग मांडीवर ठेका धरतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी पेपर वाचायला लागलो की पेपर ओढून फेकतो. आज चहाचा कप लवंडला.

ती गिटार कधीतरी त्याच्या अंगावर पडायची, म्हणून काढून माळ्यावर ठेवली. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत."

दादा भिंतीकडे तोंड करून झोपला. थकतो तो लवकर.

१६ एप्रिल

बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली आरशासमोर गाता."

"सराव करतो."

"दादांसमोर गाता ना, तसं इथे गायला हरकत नाही. पण हात असे का करता? ते दादांचे हात आहेत."

हात दादासारखे नकळत होतात, रक्ताचंच नातं आहे.

२३ एप्रिल

थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

"सात आठवडे रोज सराव. आणि एकदाही शब्द भरला नाही?"

"ओठ हलवतो," मी म्हणालो.

"आश्चर्य आहे. जन्मभर गायलेला माणूस. मला खात्री होती की गाण्याची वाट उघडी असणार." त्या वहिनीकडे वळल्या. "आणखी किती दिवस यावर घालवायचे? गाणं थांबवू. चित्रांच्या पुस्तकावर येऊ. भूक लागली तर ताटाचं चित्र, पाणी हवं तर पेल्याचं. निदान रोजचं तरी भागेल."

दादा खुर्चीत बसून ऐकत होता. त्याने खुर्चीच्या हातावर डाव्या हाताने ठेका धरला. 'दार'चाच होता, तो ठेका कुणालाही ओळखू येईल. मग तोंड किंचित उघडून माझ्याकडे बघत थांबला, ओळ मिळायची वाट बघितल्यासारखा.

बाई म्हणाल्या, "काही सांगायचंय का त्यांना?"

मी तक्ता बघत होतो. म्हणालो, "अलीकडे चिडचिड करतो जरा."

ठेका थोडा वेळ चालू राहिला. मग थांबला.

हे इथे लिहिलं कारण दिवसभर कानातून जात नाहीये. अठरा दिवसांवर कार्यक्रम आहे. एवढा पार पडू दे, मग मी स्वतः रोज दोन-दोन तास बसेन त्याच्यापाशी. बाईंना काय, त्यांनी असे शंभर पेशंट पाहिले असतील. चित्रं तर चित्रं, तात्पुरतीच.

११ मे

झालं. भरून पावलो.

सभागृह वरच्या बाकांपर्यंत भरलेलं. सुरुवातीला दादासाठी सगळे उभे राहिले. मग मी पहिलं गाणं घेतलं आणि चौथ्या ओळीनंतर मला माझी भीती सापडेना. लोक शब्द म्हणत होते, मी म्हणत होतो, कुठला आवाज कुणाचा कळत नव्हतं. 'दार' दोनदा घ्यावं लागलं. नंतर एक माझ्या वयाचा माणूस हात हातात घेऊन म्हणाला, "डोळे मिटले की तुमचे दादाच."

दादाला आणायचं वहिनीच्या मनात होतं. मीच नको म्हटलं. गर्दी, आवाज, उगाच त्रास. निघण्याआधी त्यांच्याकडे डोकावलो, तेव्हा तिने मला काहीतरी गोड बोलावं असं वाटत होतं. तिने एवढंच विचारलं, "उद्यापासून याल ना?"

कार्यक्रमानंतर मास्तर गिटार पेटीत ठेवून सरळ निघून गेला. पैलवान काठ्या हातात घेऊन ड्रमच्या मागे तसाच बसला होता. मी विचारलं, कसं झालं? म्हणाला, "चूक कुठेच नाही झाली."

आयोजकांना जुलैत आणखी तीन कार्यक्रम हवेत.

२० मे

दोन मुलाखती. दादाकडे दोनदा जाऊन आलो. पुस्तकातल्या चित्रांवर बोट ठेवतो. वहिनी म्हणते, सारखं दाराचं चित्र दाखवतात, बाहेर नेलं तर आत यायचं खुणावतात, आत आणलं तर पुन्हा दारच. काय हवंय कळत नाही.

२ जून

दुपारी पैलवानाचा फोन.

"मी दादाकडे आहे. म्हणजे खाली रस्त्यावर आहे. वर बोलवेना."

"काय झालं?"

"इतके दिवस माझी जायची छाती होत नव्हती. आज गेलो. काठ्या होत्या पिशवीत. काय बोलायचं सुचेना म्हणून स्टुलावर ठेका धरला आणि पहिली ओळ गुणगुणलो. माझा आवाज तुला माहीत आहे, कावळेसुद्धा उठून जातात. आणि तो गायला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळं गाणं गायला, ऐकतोयस ना? शब्दांसकट. वहिनी कणकेच्या हातांनी धावत आली आणि तिथेच जमिनीवर बसली." मग त्याने विचारलं, "तुझ्यासमोर कधीच नाही गायला?"

"नाही."

"इतके आठवडे रोज, तरी नाही?"

"नाही म्हटलं ना."

"बरं," तो म्हणाला. पैलवान "बरं" म्हणतो तेव्हा त्याचा विषय संपलेला नसतो, हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे.

४ जून

मास्तरने कळवलं की जुलैचे कार्यक्रम तो करणार नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "तू चांगला गातोस. मी त्याच्याशी भांडायला वाजवत होतो, हे मला आत्ता कळलं." पैलवानाने फोन उचलला नाही. तालमीच्या खोलीवर गेलो तर ड्रम नेलेले होते. जमिनीवर चार गोल डाग राहिलेत तेवढे.

दादाकडे गेलो नाही. काय सांगायचं त्याची जुळवाजुळव चाललीय. खोटं काहीच नाही त्यात. त्याला थकवा यायचा हे खरं आहे. वहिनीला आशा लावून तोडणं वाईट, हेही खरं आहे. सगळं खरं आहे आणि तरी एकत्र लिहिलं की उभं राहत नाही.

७ जून

वहिनीने बोलावलं. मधल्या खोलीत टेबलाशी बसली होती. समोर कागद, पेन. भिंतीवरचा माझा तक्ता काढून तिथे ठेवलेला. दादा बाहेरच्या खोलीत, दार उघडं.

"बसा, भाऊजी. बाईंना एक गोष्ट हवीय. ते पहिल्यांदा कधी गायले, ती तारीख. त्यावर पुढचं ठरणार आहे, किती वेळ गेला, अजून किती हातात आहे. पैलवानासमोर गायले ते दोन जूनला. त्याआधी कधी गायले होते का?"

वाटेत येताना मी जे जुळवलं होतं ते सगळं तोंडापर्यंत आलं. ती पेनाचं टोपण काढून वाट बघत होती. आवाज चढवला असता तर मी काहीतरी बोललो असतो.

"चौदा मार्च," मी म्हणालो.

तिने लिहिलं. चौदा, मार्च. अक्षर वळणदार आहे तिचं. "नंतर?"

"पंधराला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही."

"ते गायले नाहीत, की तुम्ही?"

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. त्याला ऐकू जात होतं.

"मी," म्हणालो.

वहिनीने तेही लिहिलं की नाही मी पाहिलं नाही. टोपण लावलं, कागदाची घडी केली. मला वाटलं, आता जा म्हणेल. जायला मी अर्धवट उठलोही होतो.

"तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते राहू दे," ती म्हणाली. "ते मला अजून नीट ठरवायला वेळ मिळालेला नाही. बाई म्हणतात, त्यांच्या आवाजाच्या जवळचा आवाज असेल तर ओळ धरायला सोपं जातं. पैलवान चारला येतो. अर्धा तास आहे. आत जा आणि गा."

गिटार माळ्यावरून खाली आली होती, पलंगाशी टेकवलेली. मी बसलो, सूर लावला. दादाने माझ्याकडे पाहिलं. केस वाढलेत त्याचे, दाढी वहिनीने केलेली, कानापाशी थोडी राहिलेली. मी सावकाश घेतलं, त्याच्या जुन्या पट्टीत, माझा गळा फाटला तरी चालेल म्हणून. शेवटचा शब्द सोडून थांबलो.

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ मिटलेले.

पुन्हा घेतलं. पुन्हा थांबलो. त्याचा हात मांडीवर स्वस्थ होता, ठेकासुद्धा नाही. दुसरं गाणं घेतलं, तिसरं, लहानपणी आम्ही दोघांनी मिळून पहिलं बसवलेलं ते घेतलं. प्रत्येक ओळीला जागा सोडली आणि प्रत्येक जागा तशीच राहिली. दमलेला नव्हता तो. रडतही नव्हता. नीट ऐकत होता, शेवटपर्यंत.

चार वाजायला आले तेव्हा मी गिटार जागेवर ठेवली. "उद्या येतो," म्हणालो. त्याने खिडकीकडे मान वळवली.

जिन्यात पैलवान भेटला. कडेला होऊन त्याने मला वाट दिली. मी एक मजला उतरलो असेन, वर स्टुलावर काठी वाजली, पैलवानाने त्याच्या त्या भसाड्या आवाजात ओळ धरून दिली, आणि दुसऱ्याच क्षणाला दादा गायला लागला.